उपाशीपोटीचा आकडा

सकाळचे सहा चाळीस झाले तरी रघुनाथरावांचा आकडा आला नव्हता. त्यांचा आकडा सहा दहाला येतो. येतो म्हणजे येतोच. हवामान खात्यात छत्तीस वर्षं पहाटे उठून पारा वाचलेला माणूस तो, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी हाडं अजून ड्यूटीवर आहेत. 'उपाशीपोटी' हा आमचा ग्रुप त्यांनीच काढला. अकरा जण, सगळे मराठी, सगळे कोलकात्यातले आणि सगळे साखरवाले. पहाटे उठायचं, चहाच्या आधी बोट टोचायचं, यंत्र दाखवेल तो आकडा ग्रुपवर टाकायचा. बस्स. सुविचार नाहीत, गुलाबाची फुलं नाहीत. 'शुभ सकाळ' टाकणाऱ्याला रघुनाथराव सगळ्यांदेखत झापतात. मी माझा आकडा सहा वीसला टाकून मोकळी झाले होते. एकशे दहा. त्यावर कादंबरीने, ती आमच्यातली सगळ्यात लहान, चौतिशीची, टाळ्यांची रांग लावली आणि लिहिलं, 'वृंदाताई, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एकशे दहा? तुम्ही माणूस आहात की कोण?' आता कोण आहे ते सांगते. माझं यंत्र त्या वेळी कपाटात, पैठणीच्या घडीखाली पडलेलं होतं. चौदा महिने ते तिथून हललेलं नाही. एकशे दहा हा आकडा मी दात घासताना ठरवला होता. काल एकशे चौदा टाकला होता, परवा एकशे सहा, म्हणून आज मधला बरा दिसेल असं वाटलं. खोटं बोलायलाही शिस्त लागते, आणि शिस्तीत मी पहिल्यापासून हुशार.

श्रीकांत तोवर बाहेर पडला होता. श्रीकांत माझा नवरा, गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात आहे. आम्ही राहतो डमडमला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे साडेसहाला डबा घेऊन निघतो. निघताना त्याने माझ्या फोनमध्ये डोकावून 'टॉपर!' असं म्हटलं होतं. रोज म्हणतो. ऑफिसातही सांगतो म्हणे, बायकोने साखर कशी मुठीत ठेवलीय बघा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी चहा केला, त्यात अर्धा चमचा साखर घातली, मग उरलेला अर्धाही घातला, आणि कप हातात घेऊन फोनकडे बघत उभी राहिले. सहा पंचेचाळीस. बँकेतल्या सलीलचा आकडा आला, एकशे एकतीस. सहा अठ्ठेचाळीस. मी मनाशी म्हटलं, झोपले असतील, थंडी आहे. पण रघुनाथरावांना थंडीत झोप लागते, हे मला स्वतःलाच पटेना. चहाचा घोट घेतला नाही मी. कप तसाच ओट्यावर ठेवला. सहा बावन्नला फोन वाजला आणि पडद्यावर नाव आलं आशाताईंचं. आशाताई म्हणजे रघुनाथरावांची बायको. त्या मला कधी सकाळी फोन करत नाहीत.

"वृंदा, हे पडले गं." आवाज अगदी सरळ होता त्यांचा, त्यामुळेच मी जास्त घाबरले. "पहाटे पाचला उठले, मला वाटलं नेहमीसारखे यंत्र घ्यायला चाललेत. धाडकन आवाज आला. घामाने नुसते निथळत होते, काहीतरी बरळत होते, मला ओळखेनात. इथे नर्सिंग होममध्ये आणलं, तर म्हणतात साखर एक्केचाळीस."

"चारशे एक्केचाळीस?"

"नुसती एक्केचाळीस. चढली नाही गं, उतरली. सलाईन लावलंय. डॉक्टर विचारतायत रात्रीची गोळी कुठली, किती घेतल्या, कधीपासून. मला काय ठाऊक? ते मला हात लावू देतात का त्यात? सगळं त्यांच्या फायलीत आहे. घरी जाऊन फाइल आणतेस का? किल्ली खाली दत्तबाबूंकडे ठेवलीय. तू मेट्रोच्या तोंडाशी राहतेस, तूच आधी पोचशील." मी हो म्हटलं. "हल्ली रोज सकाळी तुझा आकडा बघायचे आणि गप्प बसायचे बघ," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, वयामुळे."

शाळेला येत नसल्याचा निरोप धाडला आणि तशीच निघाले, अंगावर कालचीच शाल. डमडमला गाडी रिकामी लागते, बसायला जागा मिळाली. श्यामबाजार दोन स्टेशनांवर. तेवढ्या वेळात माणसाच्या मनात किती म्हणून यावं! माझे तळपाय झिणझिणत होते. ते काही आजचं नाही, दिवाळीपासून झिणझिणतायत, आणि मी स्वतःला सांगत आलेय की वर्गात उभं राहून होतं. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीचा चेहरा हल्ली पुसट दिसतो, त्यालाही मी चष्म्याचा नंबर म्हणते. न्हाणीघरात कमोडच्या कडेला मुंग्या येतात, बारीक, तांबड्या. त्यांना मात्र काही म्हणता येत नाही. मी रोज श्रीकांत उठायच्या आत तांब्याभर पाणी ओतते, गुपचूप. मुंग्या मला लहानपणापासून माहीत आहेत. बाबांनाही साखर, त्यांच्या वेळी आमच्या मोरीत यायच्या, आणि आई त्या बघून पदर तोंडाला लावायची. आमचा जन्म इथलाच, आजोबांपासून आम्ही कोलकात्यात, त्यामुळे घरात मराठी बोलायचो आणि खायचो बंगाल्यांसारखं. बाबा मला हाताशी धरून कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायचे. रसगुल्ला बोटांत धरून पिळायचे, पाक सगळा बशीत काढायचे आणि म्हणायचे, "पिळून खाल्ला की चालतो हं, वृंदू. डॉक्टरच म्हणाले." डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते, हे नऊ वर्षांच्या मलाही कळत होतं. चार रसगुल्ले त्यांचे आणि एक माझा. "आईला सांगायचं नाही." मी नाही सांगितलं. आधी त्यांचा अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं, तरी मी आईला नाही सांगितलं. ते गेले तेव्हा मी बी. ए. ला होते. आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

आणि मला रोग झाला तेव्हा बाबांसारखं वागायचं नाही अशी मी शपथ घेतली होती, हेही खरं. मी काही पहिल्या दिवसापासूनची लबाड नाही. पहिली चार वर्षं मी इतकी इमानाने वागले की श्रीकांत वैतागायचा. ग्रुप निघाला तो इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. पंगतीत मोदक आले आणि सात जणांनी पानावर आडवा हात धरला. 'नको, पोट भरलं', 'नको, दात दुखतोय'. रघुनाथराव वाढत होते. त्यांनी परात खाली ठेवली आणि मोठ्यांदा म्हणाले, "अरे, लाजता कशाला? मलाही आहे!" सगळी पंगत हसली. पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला बागबाजारला घरी बोलावलं, साखर न घातलेला चहा पाजला आणि नियम सांगितला. "आकडा काहीही असो, टाकायचा. वाचन चुकलं तर जागा रिकामी सोडायची, पण अंदाजाने भरायची नाही. आमच्या खात्यात अंदाजाने भरलेल्या आकड्यापायी दुसऱ्याची होडी बुडते." किती सोपं होतं. पण आम्ही पडलो मराठी मध्यमवर्गीय. आमच्या घरात पोरगं शाळेतून आलं की 'जेवलास का' विचारायच्या आधी 'किती पडले' विचारतात. महिन्याभरात ग्रुपचं प्रगतिपुस्तक झालं. एकशे वीसच्या आत आलेल्याला टाळ्या, दोनशेच्या वर गेलेल्याला 'काळजी घ्या' आणि त्यातून टोचणारी शांतता. यात मी पहिली. पहिला नंबर ही काय चीज असते, ते ज्याला मिळालाय त्यालाच कळतं. एकतीस वर्षं मी भूगोल शिकवतेय, कॉपी करणाऱ्या मुली मी मानेच्या हालचालीवरून ओळखते, आणि त्यांना म्हणते, "अगं, फसवतेस कुणाला?" चौदा महिन्यांपूर्वी स्टाफरूममधल्या एकीच्या लग्नाचं जेवण झालं, नव्या गुळाचे संदेश मी तीन खाल्ले, चौथाही खाल्ला. सकाळी यंत्र म्हणालं दोनशे अडतीस. आदल्याच दिवशी रघुनाथरावांनी सगळ्यांना लिहिलं होतं, 'वृंदाकडून शिका.' मी पलंगावर बसून त्या दोनशे अडतीसकडे बघत राहिले आणि माझ्या अंगठ्याने एकशे अठरा लिहिलं. काही झालं नाही. आकाश कोसळलं नाही. टाळ्या आल्या. दुसऱ्या दिवशी खरा टाकू, असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी दोनशे एकावन्न. तिसऱ्या दिवशी मी बोट टोचलंच नाही. टोचलं नाही की आकडा नाही, आणि आकडा नाही तर रोग तरी कुठाय?

श्यामबाजारला उतरून रिक्षा केली. बागबाजारच्या गल्लीत कचोरीचा घाणा सुरू झाला होता, जिलबीचा वास शालीत शिरला, आणि सांगायला लाज वाटते, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तिकडे माणूस मरणाच्या दारात, आणि हिची जीभ बघा! दत्तबाबू गॅलरीत माकडटोपी घालून उभे होते. एरवी मला बघितलं की ते 'बोर्गी आली, बोर्गी आली' म्हणून ओरडतात; बोर्गी म्हणजे आमचे मराठे स्वार, त्यांना अडवायला म्हणे या बागबाजारपासूनच खंदक खणला होता. आज ओरडले नाहीत. किल्ली हातात दिली आणि बंगालीत एवढंच म्हणाले, "सकाळी मी आणि रिक्षावाल्याने उचलून नेलं. वजनच नव्हतं हो." मी जिना चढले. घरात चहाचा वास नाही, रेडिओ नाही, फरशीवर त्यांची एक चप्पल पालथी. मी ती सुलटी केली. टेबलावर फाइल होती, जाडजूड, दोरीने बांधलेली, वर सुबक अक्षरात 'साखर'. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वर असतील म्हणून मी दोरी सोडली, आणि आत आलेखाचे कागद निघाले. आमचे सगळ्यांचे. एकेका माणसाची एकेक रेषा, रंगीत पेन्सिलीने, रोजचा एक ठिपका. कादंबरीची रेषा डोंगर-दऱ्यांची. सलीलची करवतीसारखी. माझी हिरवी. पानामागून पान सरळ चाललेली, जरा वर, जरा खाली, आणि समासात त्यांच्या हातचं लिहिलेलं: 'स्थिर हवामान.' माझ्या चारशेहून अधिक थापा त्या बिचाऱ्याने फूटपट्टी लावून जोडल्या होत्या.

शेवटचं पान वहीतलं होतं. मी ते उभ्याने वाचलं, मग खुर्ची ओढून बसून वाचलं. 'ता. ३. मी १६८. वृंदा १०९. तिला जमतं, मला का नाही? रात्रीचं जेवण निम्मं.' 'ता. ६. मी १५९. वृंदा १०७. आजपासून रात्रीच्या गोळ्या एकाऐवजी दोन. आशाला सांगायचं नाही.' 'ता. ११. मी १४२. वृंदा ११२. रात्रीचं जेवण बंद, फक्त ताक.' आणि कालचं, संक्रांतीचं, 'ता. १४. मी ११९. वृंदा ११४. उद्या गाठतो.' उद्या गाठतो! काल दुपारी मी स्टाफरूममध्ये पाटिशाप्टे, म्हणजे खोबरं-गूळ भरलेली धिरडी, खात होते, दोन, वर शेजारणीच्या घरचा तिळाचा लाडू. आणि हा एकाहत्तर वर्षांचा माणूस नुसतं ताक पिऊन, दोन गोळ्या गिळून माझ्यामागे धावत होता. माझ्यामागे म्हणजे कुणामागे? पुढे कुणी नव्हतंच की. मग मी एक गोष्ट केली, तीही सांगून टाकते. ते पान मी फायलीतून फाडून घेतलं. घडी घालून पर्समध्ये टाकलं. मन इतकं लख्ख चाललं होतं त्या वेळी, की काय सांगू! डॉक्टरला हवी आहे गोळ्यांची संख्या. ती मी तोंडी सांगेन. पान कशाला हवं? माझं नाव कशाला हवं त्यात? उगाच आशाताईंना त्रास. चोर चोरी करताना दुसऱ्याच्या त्रासाचाच विचार करतो.

नर्सिंग होम घाटाकडच्या रस्त्याला, पायी सात मिनिटं. आशाताई बाकावर बसल्या होत्या, पोलक्याची एक बाही उलटी. मला बघून उठल्या आणि माझे दोन्ही हात धरले. रघुनाथराव पडद्याआड होते. सलाईनची नळी, तोंड उघडं, दात काढलेले. दात काढलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर मुलगी होती, माझ्या शाळेतून नुकतीच सुटलेली वाटावी इतक्या लहान वयाची. फाइल चाळत तिने हिंदीत विचारलं, "रात्री गोळ्या किती घेतल्या?"

"बहुधा दोन," मी म्हटलं.

"बहुधा?" तिने मान वर केली. "कालच दोन, की रोज दोन? जेवून, की उपाशी? मॅडम, ही गोळी अंगात टिकते. या वयात कित्येक दिवस दुप्पट गेली असेल, तर मी साखर वर आणीन आणि ती पुन्हा खाली जाईल. मला नक्की कळल्याशिवाय सलाईन किती वेळ ठेवायचं ते कसं ठरवू? घरात कुठे लिहिलेलं नाही का?" आशाताई म्हणाल्या, "लिहितात ना, सगळं लिहितात! वृंदा, फायलीत नाही का गं?" आणि त्या दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. घशाला कोरड पडली होती. ती तर आता कायमचीच आहे. मी पर्स उघडली, पान काढलं, "वेगळं ठेवलं होतं, हरवू नये म्हणून," असं म्हटलं, म्हणजे तेव्हाही खोटंच बोलले, आणि तारखा वाचून दाखवल्या. नऊ रात्री दोन गोळ्या. चार रात्री जेवण नाही. डॉक्टरने ओठ आवळले, पटपट काहीतरी लिहिलं आणि सिस्टरला हाक मारली: उद्यापर्यंत हलवायचं नाही, दर तासाला बोट टोचून साखर बघायची.

पान आशाताईंच्या हातात गेलं. त्या सावकाश वाचत होत्या, ओठ हलवत. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, आता, आता बोलणार. मुस्काटात बसली तरी चालेल, असं वाटत होतं मला, खरंच. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "अगं, तू का रडतेस? तुझा काय दोष यात? तू नेमाने करतेस म्हणून आकडे येतात. यांनाच हाव. लहानपणापासून असेच, म्हणे, दुसऱ्याचा नंबर आला की जेवायचे नाहीत." मग हसल्याही जरा. "बरे झाले की तूच समोर बसव आणि शिकव त्यांना. तुझं ऐकतील." त्यांचा हात पाठीवरून फिरत होता, आणि तो हात मला सोसवेना. मारणाऱ्याचा हात बरा. मी सुटले होते, पान वाचूनही सुटले होते, कुणाला काही कळलेलं नव्हतं आणि मी गप्प बसले तर कधी कळणारही नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. ते मला नऊ वर्षांची असल्यापासून येतं.

दहाच्या सुमारास रघुनाथरावांनी डोळे उघडले. आधी आशाताईंकडे बघितलं, मग छताकडे, मग मला ओळखलं. जीभ जड होती. "वृंदा," म्हणाले, "आज किती?"

"बघा!" आशाताई रडत-हसत म्हणाल्या. "शुद्धीवर आले तर आधी हे!"

"सांग की," ते म्हणाले. "संक्रांत झाली ना काल. किती पडले?" आणि त्या निस्तेज चेहऱ्यात डोळे असे काही लकाकले, की मला पुढचं सगळं दिसलं. हा माणूस घरी जाणार आणि पुन्हा सुरू करणार. आशाताई गोळ्या कुलपात ठेवतील, तर हा पाणी पिऊन राहील. मी नुसतं 'एकशे दहा' म्हटलं की याच्या अंगात वारं संचारेल, आणि पुढच्या वेळी पडेल तेव्हा कदाचित कुणाला आवाजही यायचा नाही.

"मोजलं नाही," मी म्हटलं.

"विसरलीस? असू दे, असू दे. धावपळ झाली तुझी." माझ्यासाठी दारही त्यांनीच उघडून दिलं. मी त्या दारातून गेले असते. सकाळपासून मी अशाच दारांतून जात होते.

"आज नाही मोजलं, काल नाही मोजलं. चौदा महिने मोजलेलं नाही, रघुनाथराव. ते सगळे आकडे मनातले आहेत. मी दात घासताना ठरवते."

सिस्टर त्याच वेळी तासाची तपासणी करायला आली. तिने त्यांचं बोट टोचलं, एकशे चव्वेचाळीस. ती यंत्र आवरायला लागली तेव्हा मी माझं बोट तिच्यापुढे केलं. ती बावचळली, "दीदी, आपण पेशंट नाही," असं काहीतरी बंगालीत म्हणाली. मी म्हटलं, बघा हो, कृपा करून बघा. नवी सुई लावली, टोचली. चौदा महिन्यांनी रक्ताचा थेंब बघितला मी माझा. पाच सेकंद लागतात यंत्राला. बाबांचा गुडघ्याशी दुमडून पिन लावलेला पायजमा माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मला वाटलं, यंत्र बिघडलेलं निघू दे. तीनशे सत्तेचाळीस. सिस्टरने विचारलं, काय खाल्लंत सकाळपासून? मी म्हटलं, काही नाही. काल रात्रीपासून काही नाही. उपाशीपोटी.

रघुनाथराव छताकडे बघत होते. "चौदा महिने," ते म्हणाले. मग अगदी हळू, "मला वाटायचं मीच नालायक आहे. सगळ्या जगाला जमतं आणि मला एकट्याला जमत नाही." त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तोंड दुसरीकडे वळवलं. ते वळवलेलं तोंड मी बघत राहिले. आशाताई मात्र उठल्या होत्या. "मेले असते ते," म्हणाल्या. "मेले असते, वृंदा! तुझ्या थापेपायी. आणि मी तुझी पाठ काय थोपटतेय इथे! कशासाठी गं? टाळ्यांसाठी?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? टाळ्यांसाठीच. "चल, बाहेर हो," त्या म्हणाल्या, आणि मी बाहेर झाले.

बाकावर बसून फोन उघडला. ग्रुपवर सगळे रघुनाथरावांना विचारत होते, आणि खाली कादंबरीने मला एकटीला लिहिलेलं होतं: 'ताई, माझे आज एकशे अठ्ठ्याऐंशी. लाज वाटते म्हणून ग्रुपवर टाकले नाहीत. तुम्ही रात्री नक्की काय खाता, सांगाल का?' चौतीस वर्षांची पोर, पदरात दोन वर्षांचं मूल. मी ग्रुपवर लिहिलं: 'माझे आज तीनशे सत्तेचाळीस. आधीचे चौदा महिन्यांचे सगळे खोटे. माझ्या आकड्याशी बरोबरी करायला जाऊन रघुनाथराव दवाखान्यात आहेत. गोळ्या आपल्या मनाने वाढवू नका, जेवण सोडू नका. कादंबरी, तुझे आकडे माझ्यापेक्षा किती तरी बरे आहेत.' पाठवलं. फोन मांडीवर थडथडायला लागला, एकदा, दोनदा, मग सारखाच. मी तो पालथा घातला. श्रीकांतचा असेल, सलीलने त्याला कळवलं असेल. बघायचं धैर्य नव्हतं. उठावं आणि चालू पडावं, घाटावर जाऊन बसावं, असं मनात आलं. शाल सावरली आणि दारापर्यंत गेलेही.

"कुठे निघालीस?" मागून आशाताई. त्यांच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी होती. माझ्याकडे न बघता त्यांनी ती माझ्या हातात कोंबली. "डॉक्टर तुला बघणार आहेत. रक्त-लघवी तपासायची म्हणतात. तीनशे सत्तेचाळीस घेऊन रस्त्यात पडशील, तर तुला उचलायला पुन्हा दत्तबाबूंना बोलवू का? बस इथे."

"आशाताई…"

"मी बोलत नाहीये तुझ्याशी." त्या बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. तोंड समोरच्या भिंतीकडे. आत सिस्टरचा आवाज आला, एकशे एकवीस, आणि त्यांनी बोटं मोजल्यासारखी हलवली. मग तशाच भिंतीकडे बघत म्हणाल्या, "उद्यापासून सकाळी सहाला मी फोन करणार. कॅमेरा लावून. यांना डाव्या हाताला बसवीन, तुझा फोन उजव्या. माझ्यासमोर टोचायचं दोघांनी."

"हो."

"आणि किती आले ते मला सांगायचं नाही. डॉक्टरला सांग. मला नुसतं टोचलेलं दिसू दे."

मी हो म्हणायला गेले आणि हुंदका फुटला, असा की समोरचा माणूस वळून बघायला लागला. आशाताईंनी स्वतःचा पदर तोंडावर दाबून धरला, माझ्या, आणि म्हणाल्या, "हळू गं. झोप लागलीय त्यांना."